एका टेक्स्टवर पाच रिॲक्टर: ले-आउटमधील चुकणाऱ्या क्षेत्रफळांचे प्रकरण

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका वास्तुरचनाकार कार्यालयासाठी मी चार वर्षांपूर्वी ऑटोलिस्पमध्ये, म्हणजे नकाशे काढण्याच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरच्या अंगच्या भाषेत, एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. ले-आउटमधील प्रत्येक प्लॉट ही एक बंद पॉलीलाइन (सलग जोडलेल्या रेषांची एकच आकृती), तिच्या आत क्षेत्रफळ दाखवणारा टेक्स्ट आणि कागदाच्या कोपऱ्यात सर्व प्लॉटांची बेरीज, अशी मांडणी होती. प्लॉटचा एखादा कोपरा ओढला की आतला आकडा आणि बेरीज आपोआप बदलावी, एवढीच अपेक्षा होती. पुढे कार्यालयातील ड्राफ्ट्समनने त्यात आपल्या सोयीचे दोन बदल केले: बेरजेचा भाग त्यांनी लिहिला आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान झालेला प्लॉट लाल करण्याची सोयही त्यांनीच घातली. प्रोग्रॅम असा दोन हातांचा झाला, आणि चुकाही दोन्ही हातांच्या निघाल्या.

गडबड उघडी पडली ती कळंब्याच्या बाजूच्या एका जमिनीच्या ले-आउटमध्ये. जमीन २ हेक्टर २० आर, प्लॉट ४८, आणि रस्ते व खुली जागा वगळता प्लॉटांखालचे क्षेत्र १३,८६० चौरस मीटर, म्हणजे १३८.६० आर. ड्रॉइंग मीटरमध्ये असल्याने पॉलीलाइनचे क्षेत्रफळ थेट चौरस मीटरमध्ये मिळत होते. तरीही कोपऱ्यातील बेरीज एकदा १३७.८२ आली, दुसऱ्यांदा १३८.११ आली, आणि काही न बदलता ड्रॉइंग बंद करून उघडल्यावर, एकच कोपरा जरासा हलवून परत जागेवर आणताच, तिसराच आकडा आला. शिवाय काही प्लॉट ओढले तरी त्यांचा आकडा जागचा हलत नव्हता, आणि संपूर्ण ले-आउट उचलून दुसरीकडे ठेवायचा म्हटला की ऑटोकॅड बराच वेळ गप्प बसत होते. ड्राफ्ट्समनने फोनवर सांगितले ते असे: "सर, आकडा कधी बदलतोय, कधी न्हाई. रीजन मारलं तरीबी तेच." रीजनने पडद्यावरचे चित्र नव्याने काढले जाते, टेक्स्टमधला मजकूर बदलत नाही, पण त्या वाक्यातील "कधी बदलतोय, कधी न्हाई" हा भाग पुढे फार उपयोगी पडला.

तपशिलात जाण्याआधी रिॲक्टर कसा चालतो ते सांगणे आवश्यक आहे. ऑटोलिस्प ऑटोकॅडमध्ये १९८६ साली आले. परंतु घटनांवर आपोआप चालणारे रिॲक्टर लिस्प लिहिणाऱ्याच्या हाती आले ते व्हिज्युअल लिस्प या ऑटोलिस्पच्या विस्तारित रूपामुळे, जे ऑटोकॅड २००० पासून मूळ सॉफ्टवेअरचाच भाग झाले. रिॲक्टर म्हणजे ऑटोकॅडकडे ठेवलेला एक निरोप: अमुक वस्तूला अमुक घडले की माझे तमुक फंक्शन बोलाव. ते बोलावले जाणारे फंक्शन म्हणजे कॉलबॅक. वस्तूंवर बसवलेल्या ऑब्जेक्ट रिॲक्टरच्या कॉलबॅकला तीन गोष्टी मिळतात, वर्दी देणारी वस्तू, स्वतः रिॲक्टर आणि घटनेच्या तपशिलाची यादी. कमांडवर किंवा इतर घटनांवर बसवलेल्या रिॲक्टरच्या कॉलबॅकला वस्तू मिळत नाही, उरलेल्या दोनच मिळतात. निरोप ठेवताना फंक्शनचे फक्त नाव दिले जाते, आणि रिॲक्टरच्या पोटात आपल्याला हवी ती माहितीही ठेवता येते. याच दोन सोयींतून आमचा पहिला घोटाळा झाला.

पहिला संशय मी गोळाबेरजेवर घेतला आणि एक संध्याकाळ वाया घालवली. वास्तविक साधा हिशोब आधी करायला हवा होता. दोन दशांश स्थळांपर्यंतच्या गोळाबेरजेत एका प्लॉटमागे जास्तीत जास्त ०.००५ ची चूक होऊ शकते, म्हणजे ४८ प्लॉटांत कमाल ०.२४, आमची तफावत ०.७८ ची होती. त्यामुळे दोष गणितात नसून घटनांच्या क्रमात असणार, हे मान्य करून मी कोड वाचणे थांबवले आणि नोंदवही सुरू केली. प्रत्येक कॉलबॅकच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीला एका साध्या मजकूर-फाइलमध्ये एकेक ओळ लिहिली जाईल अशी व्यवस्था केली: मिलिसेकंदांतील वेळ, चालू घटनेचे नाव, वस्तूचे हँडल (ड्रॉइंगमधील तिचा ओळखक्रमांक) आणि रिॲक्टरच्या पोटातील माहिती. रिॲक्टरच्या चुका शोधताना ब्रेकपॉइंट, म्हणजे कोडमध्ये थांबण्याची खूण, लावून मध्येच थांबण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते, कारण मध्ये थांबलो की जो क्रम पाहायचा असतो त्यातच आपण ढवळाढवळ करतो.

१४ क्रमांकाचा प्लॉट बरोबर ३०० चौरस मीटरचा होता. त्याचा कोपरा एकदाच ओढून परत आणला आणि फाइल उघडली, तर एका बदलासाठी कॉलबॅक एकदा नव्हे, पाच वेळा चालला होता. ड्रॉइंगमधील सर्व रिॲक्टरांची यादी देणारे व्हीएलआर-रिॲक्टर्स हे फंक्शन चालवल्यावर आमच्याच नावाचे पाच ऑब्जेक्ट रिॲक्टर दिसले. त्यांतील तिघांच्या पोटात भाजक १०० होता आणि दोघांच्या पोटात १०१.१७.

हे दोन भाजक कुठून आले, हे कोल्हापुरात जमिनीचे काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. मालक मात्र गुंठ्यांत बोलतो आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात १०१.१७ चौरस मीटर. बोलताना सर्रास दोन्ही एकच धरले जातात. प्रोग्रॅममध्ये दोन्हींची सोय होती: सातबाऱ्याशी मेळ घालायचा तर आर, मालकासाठी प्रत काढायची तर गुंठे. ३०० चौरस मीटरचा प्लॉट आरमध्ये ३.००, गुंठ्यांत २.९७. फरक इतका लहान की एका प्लॉटवर तो कोणाच्याही नजरेत भरत नाही. बेरजेत मात्र १३८.६० आणि १३७.०० असा पडतो. पाचही रिॲक्टर एकाच टेक्स्टवर आपापला आकडा लिहीत होते, आणि जो शेवटी लिहील त्याचा आकडा राहत होता. रिॲक्टरांच्या वर्दीच्या क्रमावर विसंबू नये, असे ऑटोकॅडच्या मदतपुस्तिकेतही म्हटले आहे. म्हणून काही प्लॉट आरमध्ये आणि काही गुंठ्यांत राहत होते, आणि ड्राफ्ट्समनने लिहिलेली बेरीज पॉलीलाइनवरून न घेता टेक्स्टमधील आकड्यांवरून घेतली जात असल्याने दोन मापांची खिचडी थेट कोपऱ्यात उतरत होती.

पाच रिॲक्टर झाले कसे, हा माझा दोष. प्रत्येक ड्रॉइंग उघडताना आपोआप चालणाऱ्या फाइलमधून प्रोग्रॅम एकदा लोड होत होता. आकडा बदलला नाही की ड्राफ्ट्समन ॲपलोड या प्रोग्रॅम चढवण्याच्या कमांडमधून तीच फाइल पुन्हा चढवत, कधी माप बदलूनही चढवत. प्रत्येक वेळी फंक्शनची नवी व्याख्या जुनीची जागा घेई, कारण फंक्शन नावाने ओळखले जाते. निरोप मात्र साठत जात. मी रिॲक्टर एका व्हेरिएबलमध्ये ठेवला होता आणि त्यात नवा भरला की जुना गेला अशी माझी समजूत होती. ती चुकीची आहे. व्हेरिएबल ही रिॲक्टरला हाक मारण्याची केवळ खूण असते. ती पुसली तरी रिॲक्टर जिवंत राहतो, फक्त आपल्याला त्याला नावाने बोलावता येत नाही. आता लोड होताना प्रोग्रॅम प्रथम सर्व रिॲक्टरांची यादी घेतो, ज्याच्या पोटात आमची खूण आहे तेवढेच व्हीएलआर-रिमूव्हने काढतो आणि मग एकच नवा बसवतो. सगळे रिॲक्टर एका फटक्यात काढणारे फंक्शनही आहे, परंतु त्याच ड्रॉइंगवर दुसऱ्या कोणाचे रिॲक्टर बसलेले असतील तर तेही त्यात जातात, म्हणून ते टाळले.

ले-आउट उचलताना ऑटोकॅड का गप्प बसत होते तेही येथेच कळले. मूव्ह केल्यावर क्षेत्रफळ बदलत नसले तरी प्रत्येक पॉलीलाइन आपण बदललो अशी वर्दी देते, आणि प्रत्येक वर्दीला पूर्ण बेरीज नव्याने केली जात होती. ४८ प्लॉट, प्रत्येकासाठी ४८ टेक्स्टचे वाचन, आणि हे पाच वेळा: एका मूव्हमागे ११,५२० वाचने, शिवाय तितक्या फेऱ्यांचे लेखन.

जादा रिॲक्टर काढल्यावर बेरीज स्थिर झाली, पण "कधी बदलतोय, कधी न्हाई" हे काही गेले नाही. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. नोंदवहीत काही कॉलबॅकची सुरुवातीची ओळ होती आणि शेवटची नव्हती, म्हणजे ते मध्येच कोसळत होते. आणि असे कॉलबॅक केवळ लहान प्लॉटांचे होते. ३१ क्रमांकाचा प्लॉट २५२.४० चौरस मीटरवरून २५१ वर आणला तर आकडा बदले. २४७ वर आणला की २.५१ वरच अडून राही. मालकाने ठरवलेली खालची मर्यादा २५० चौरस मीटरची होती. कॉलबॅक आधी पॉलीलाइन लाल करण्याचा प्रयत्न करी आणि मग टेक्स्ट लिही. मर्यादेच्या वर असताना रंगाची ओळ चालतच नसे, म्हणून सारे सुरळीत वाटे.

दोष रंग बदलण्यात नव्हता, तो कोणत्या क्षणी बदलला जात होता यात होता. आपण बदललो अशी वर्दी वस्तू देत असते, तेव्हा ती अद्याप ऑटोकॅडच्या ताब्यात असते. त्या अवस्थेत तिचे गुणधर्म वाचता येतात, म्हणून क्षेत्रफळ बरोबर मिळते. पण तिच्यावर काही लिहायला गेलो की ऑटोकॅड नकार देते आणि कॉलबॅक तिथेच संपतो. वर्दी देणाऱ्या वस्तूलाच कॉलबॅकमधून हात लावू नये, हा रिॲक्टरचा पहिला नियम. त्याच जातीचे आणखी नियम म्हणजे कॉलबॅकमध्ये कमांड फंक्शन वापरू नये, वापरकर्त्याकडे बिंदू किंवा वस्तू मागू नये आणि डायलॉग उघडू नये. नकाराचा संदेश कमांड लाइनवर नियमाने उमटत होता. ड्राफ्ट्समनने पडद्यावर जागा मिळावी म्हणून कंट्रोल आणि ९ दाबून कमांड लाइन लपवून ठेवली होती, त्यामुळे चार वर्षांत तो कोणी वाचला नव्हता.

येथे एक सोपी पळवाट समोर होती आणि मी ती प्रथम घेतलीही. रंगाची ओळ व्हीएल-कॅच-ऑल-अप्लाय या चूक पकडणाऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळली की चूक पकडली जाते आणि कॉलबॅक पुढे चालतो. आकडे बरोबर येऊ लागले. मात्र लहान प्लॉट लाल होणे बंद झाले, किंबहुना ते कधी झालेच नव्हते, आणि आता तर संदेशही उमटेनासा झाला. कार्यालयाच्या प्रमुख मॅडमनी दुसऱ्याच दिवशी विचारले, "२४७ चा प्लॉट लाल का नाही?" त्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हते. चूक पकडणारे फंक्शन वाईट नाही; पण कारण न शोधता ते वापरले की रोग तसाच राहतो आणि लक्षण तेवढे झाकले जाते.

मग रचनाच बदलली. आता ऑब्जेक्ट रिॲक्टरचा कॉलबॅक काहीही दुरुस्त करत नाही. वर्दी आली की तो वस्तूचे हँडल एका यादीत टिपतो, आधीच टिपलेले असेल तर सोडून देतो, आणि संपतो. खरे काम दुसरा रिॲक्टर करतो, जो कमांड संपल्याच्या घटनेवर बसलेला आहे. तेव्हा पॉलीलाइन मोकळी झालेली असते, तिला रंग देता येतो, टेक्स्ट लिहिता येतो, आणि बेरीज एकदाच करावी लागते, तीही आता टेक्स्टवरून नव्हे तर थेट पॉलीलाइनच्या क्षेत्रफळावरून. यादीत वस्तू न ठेवता हँडल ठेवण्याचे कारण असे की टिपणे आणि काम करणे यांच्या मध्ये ती वस्तू पुसली गेलेली असू शकते. हँडलवरून ती सापडते का, हे आधी पाहून मगच पुढे जाता येते. नवा आकडा जुन्यासारखाच असेल तर लेखन होत नाही, त्यामुळे मूव्हनंतर एकही टेक्स्ट बदलला जात नाही. प्रोग्रॅम स्वतः पॉलीलाइनला रंग देतो तेव्हाही बदलाची वर्दी येतेच. म्हणून काम चालू असताना एक निशाण वर केलेले असते आणि ते वर असेपर्यंत टिपण बंद राहते. हे निशाण विसरले तर यादी दर वेळी आपोआप भरत राहते.

या बदलानंतर ३१ क्रमांकाचा प्लॉट लाल झाला आणि आकडा २.४७ आला. प्रकरण येथे संपले असे मला वाटले होते.

चार दिवसांनी कॉपी केलेल्या प्लॉटांची तक्रार आली. एका ओळीतील प्लॉट कॉपी करून नवी ओळ केली की नव्या प्लॉटांचे आकडे मूळ प्लॉटांशी बांधलेले राहत. याला दोन कारणे होती. पॉलीलाइन आणि तिचा टेक्स्ट यांची जोडी मी पॉलीलाइनच्या एक्सडेटामध्ये, म्हणजे वस्तूला जोडून ठेवता येणाऱ्या जादा माहितीत, टेक्स्टचे हँडल साध्या अक्षरमालेच्या रूपात लिहून ठेवली होती. कॉपी करताना एक्सडेटा जसाच्या तसा उतरतो, म्हणून नवी पॉलीलाइनही जुन्याच टेक्स्टकडे बोट दाखवी, आणि ड्रॉइंग पुन्हा उघडल्यावर दोन प्लॉट एकाच टेक्स्टवर लिहू लागत. उपाय म्हणून एक्सडेटामध्ये पॉलीलाइनचे स्वतःचे हँडलही लिहिले. आत लिहिलेले हँडल आणि प्रत्यक्ष हँडल जुळले नाही की ती प्रत आहे हे ओळखता येते, तिला नवा टेक्स्ट दिला जातो आणि तिला रिॲक्टरच्या मालकांत सामील केले जाते. कॉपी झालेली वस्तू आपणहून रिॲक्टरला जोडली जात नाही. दुसरे कारण मात्र कोडमध्ये शोधून सापडणारे नव्हते, ते मी ड्राफ्ट्समनच्या शेजारी बसल्यावर दिसले. ते कॉपी कमांड एंटरने संपवत नाहीत, हव्या तेवढ्या प्रती ठेवून एस्केप दाबतात. ठेवलेल्या प्रती तशाच राहतात, पण ऑटोकॅडच्या दृष्टीने कमांड संपलेली नसते, रद्द झालेली असते, आणि माझा रिॲक्टर फक्त कमांड संपल्याच्या घटनेवर कान देऊन होता. आता रद्द झालेली आणि फसलेली कमांड या दोन्ही घटनांवर तेच काम लावले आहे. अशा सवयी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एकट्याने घरी बसून ओळखणे कठीण. निदान मला तरी ते जमले नाही.

अनडूचा प्रश्न मी स्वतः चाचणीत पकडला. यू (एक पाऊल मागे जाण्याची कमांड) दाबल्यावर पॉलीलाइन मागे जाते, तीही बदलाची वर्दी देते, आणि यू ही कमांड संपताच आमचा प्रोग्रॅम टेक्स्ट पुन्हा लिहू पाहतो. मागे गेल्यानंतर ड्रॉइंगमध्ये नवा बदल झाला की रीडू उपलब्ध राहत नाही. टेक्स्टमधील बदलही अनडूच्या नोंदीत असतोच, त्यामुळे या वेळी काही लिहिण्याची गरज नाही. संपलेल्या कमांडचे नाव यू, अनडू, रीडू किंवा एमरीडू असेल तर यादी न वापरता रिकामी केली जाते.

राहिली ती कार्यालयातील दुसरी एक जुनी लिस्प, जी प्लॉटांचे कोपरे काटकोनात आणते. ती कोणतीही कमांड न चालवता वस्तूंची माहिती थेट बदलते. लिस्पमध्ये लिहिलेल्या अशा कमांडला ऑटोकॅड आपली कमांड मानत नाही. ती संपली तरी कमांड संपल्याची घटना घडत नाही. हँडल यादीत टिपले जाई, पण पुढची एखादी खरी कमांड होईपर्यंत आकडा जुनाच दिसे. लिस्पचे मूल्यमापन पूर्ण झाल्याची वेगळी घटना उपलब्ध आहे. तिच्यावर तेच काम तिसऱ्या रिॲक्टरने लावले. वरील निशाणाचा येथे दुहेरी उपयोग झाला, कारण दोन रिॲक्टर एकाच यादीवर एकाच वेळी काम करू लागू नयेत हेही त्यानेच साधले.

तपासणीसाठी प्रोग्रॅममध्ये एक साधी कमांड वाढवली आहे. ती रिॲक्टरवर काहीही न सोपवता सर्व प्लॉटांची क्षेत्रफळे नव्याने मोजते, टेक्स्टशी ताडून पाहते, जुळत नसलेल्या प्लॉटांचे क्रमांक छापते आणि आमच्या खुणेचे किती रिॲक्टर बसलेले आहेत तेही सांगते. ती संख्या तीन यायला हवी. मंजुरीसाठीची प्रत छापण्यापूर्वी ही कमांड चालवायची असे मॅडमनी ठरवून दिले आहे. कळंब्याच्या ड्रॉइंगवर ती शेवटची चालवली तेव्हा न जुळणारा प्लॉट एकही नव्हता, रिॲक्टर तीन होते आणि बेरीज १३८.६० होती. कमांड लाइन ड्राफ्ट्समनने आता पडद्याच्या तळाशी तीन ओळींची उघडी ठेवली आहे.